घरात स्वयंपाक एकच, वजन ७४, एचबीएवनसी ६.१. सुरुवात कुठून करू?

तिखटमीठ:
नमस्कार मंडळी. वय ४१, उंची ५ फूट २ इंच, वजन ७४ किलो, कंबर ३८ इंच. ऑफिसच्या चेकअपमध्ये एचबीएवनसी (गेल्या दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ आला. डॉक्टर म्हणाले अजून डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर आहात, गोळी नको, आधी वजनाकडे बघा. थायरॉइड नॉर्मल आहे. माझ्या आईला पन्नाशीत शुगर लागली आणि पुढे तिच्या पायाचं काय झालं ते मी जवळून बघितलंय, त्यामुळे हे मी खरंच मनावर घेतलंय.

अडचण अशी की राहायला कल्याण आणि ऑफिस फोर्टला, सकाळी सातला घर सोडते ते रात्री साडेआठला परत. घरात पाच माणसं, स्वयंपाक सासूबाई बघतात, माझ्यासाठी वेगळं करा असं त्यांना म्हणणं मला पटत नाही. सकाळी पोहे नाहीतर उपमा, डब्यात तीन पोळ्या आणि भाजी, दिवसभरात चार चहा, परतताना ट्रेनमध्ये पोटात कावळे ओरडतात म्हणून वेफर्स नाहीतर चिक्की, रात्री परत पोळी भाजी वरणभात. मिठाई फारशी खात नाही. जिना उतरताना गुडघे दुखतात म्हणून व्यायामाची भीती वाटते. त्यात श्रावण तोंडावर आलाय, सोमवार आणि संकष्टी मी करतेच, ते सोडणार नाही.

घरच्याच जेवणात बदल करून कोणी वजन उतरवलंय का? नेमकं काय केलं ते सांगा प्लीज.

डोंगरपायथा:
ताई, वेगळा स्वयंपाक अजिबात लागत नाही, फक्त ताटातलं माप बदलायचं. आमच्याकडे मी, नवरा आणि सासूसासरे, नवऱ्याची शुगर बॉर्डरला आली तेव्हा मी सगळ्यात आधी तेलाचा हिशोब मांडला, कारण भाजी-आमटीत तेल डोळ्याला दिसतच नाही. चौघांना पाच लिटरचा डबा महिनाभर जायचा, म्हणजे माणशी रोज साधारण ३८ ग्रॅम, आणि तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे नुसत्या तेलातूनच साडेतीनशेच्या आसपास. आता तीन लिटरमध्ये भागतं. काय केलं, तर किटलीतून ओतायचं बंद केलं आणि ओट्यावर एक पोह्याचा चमचा ठेवला, फोडणी त्याच चमच्याने मोजून. चवीत फरक पडला असं घरात कोणी म्हणालं नाही. सासूबाईंना 'माझ्यासाठी कमी तेल घाला' म्हणू नका, 'आई, या महिन्यात डबा किती दिवस पुरतो बघूया' म्हणा, माझ्या सासूबाईंनी तर मग माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं.

दुसरं म्हणजे तुमच्या दिवसभराच्या जेवणात प्रोटीन फार कमी आहे, म्हणून संध्याकाळी ती भूक लागते. पोह्यात जेमतेम तीनचार ग्रॅम, एका पोळीत तीन, पातळ वरणाच्या वाटीत तीनचार. आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुमच्या वजनाला साधारण ६० लागतात आणि तुम्ही निम्म्याच्या थोड्या वर असाल. वरण पातळ न करता घट्ट करायचं आणि एक ऐवजी दीड वाटी घ्यायचं. मोडाची मटकी, मूग, चवळी, मसूर यातली एक उसळ रोज घरात झालीच पाहिजे, ती सगळ्यांनाच चांगली. अंडी खात असाल तर सकाळी दोन उकडलेली म्हणजे १२ ग्रॅम तिथेच झाले. नसाल तर पोहे निम्मे घ्या आणि सोबत वाटीभर उसळ किंवा मुगाचं धिरडं. डब्यात तिसऱ्या पोळीच्या जागी काकडी-गाजर आणि दह्याचा छोटा डबा. भात बंद करू नका, एक मूद घ्या, पण ताटात आधी भाजी आणि उसळ संपवून मग भाताकडे वळा.

आणि चार चहा दोन दोन चमचे साखरेचे असतील तर ते आठ चमचे झाले, मिठाई न खाताही. एकदम बंद केलं तर डोकं दुखेल, आधी दीड, मग एक असं करत उतरा.

मांजराकाठचा:
मी लातूरचा. डॉ. दीक्षितांची पद्धत करून बघा असं सांगेन, दिवसात दोनदाच जेवायचं, कडकडून भूक लागेल तेव्हा, ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मधे काही नाही, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. माझं वजन ८८ वरून ७६ वर आलं आणि पॅन्टा सगळ्या टाचून घ्याव्या लागल्या. सुरू करायच्या आधी उपाशीपोटी इन्सुलिन आणि एचबीएवनसी तपासून घ्यायला ते सांगतात, तुमचं एक तर झालेलंच आहे. वेगळा पदार्थ लागत नाही, पैसा लागत नाही, म्हणून नोकरी करणाऱ्या माणसाला हे सोपं जातं.

डोंगरपायथा:
@मांजराकाठचा दादा, तुम्हाला उपयोग झाला याचा आनंद आहे, पण माझ्या बहिणीला दोन जेवणात ॲसिडिटी इतकी व्हायची की तिने सोडून दिलं, आणि तिला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं वेळेवर खायचं जमलं. आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर या दोन पद्धतींवरून जुंपलेली असते. मला विचाराल तर बिस्किटं, फरसाण, गोड चहा दोन्हीकडे सुटतो, घरचं अन्न दोन्हीकडे आहे, आणि वजन त्यामुळेच उतरतं. ज्याला जी जमते ती त्याने धरावी. फक्त शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवणं कमी करू नयेत, शुगर एकदम खाली जाऊ शकते. ताईंना गोळी नाही म्हणून तो धोका नाही.

सूर्यपावली:
मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, गुडघ्यांसाठी लिहितेय. चढताना ठीक आणि उतरताना दुखणं हे मांडीच्या पुढचे स्नायू कमजोर असल्याचं लक्षण बऱ्याचदा असतं. सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा पाय लचकत असेल तर आधी दाखवा. तसं काही नसेल तर व्यायाम टाळल्याने गुडघा वाचत नाही, उलट स्नायू अजून ढिले पडतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. आमच्याकडे येणाऱ्या बायकांपैकी बहुतेक जणी 'मी रोज चालते' म्हणतात, आणि चालणं उत्तमच आहे, पण चाळिशीनंतर ताकदीचा व्यायाम नसेल तर वजनासोबत स्नायूही उतरतात. जेवणातली साखर शोषून घेण्याचं मोठं काम हे स्नायूच करतात, त्यामुळे शुगरवाल्यांना ते गमावणं परवडत नाही.

जिमची गरज नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, पुढच्या कडेला बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, हात छातीवर, आणि हातांचा आधार न घेता उभं राहा. मग खाली बसताना मनात तीन आकडे मोजत हळू बसा, धपकन नाही, खरा फायदा त्या हळू बसण्यातच आहे. दहा वेळा, थोडं थांबून परत दहा. गुडघा दुखला तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. त्यानंतर भिंतीला हात लावून पुशअप, ओट्याला धरून टाचा उचलणं, आणि जमिनीवर पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं. आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं पुरतात. सोपं वाटायला लागलं की पाठीवर सॅक घ्या आणि त्यात तांदळाची पिशवी टाका. सूर्यनमस्कार नंतर घ्या, आत्ता नको, त्यात गुडघा जमिनीला टेकतो आणि घाईघाईत घातले की पाठ धरते.

चालण्यासाठी वेगळा तास शोधू नका. रात्री जेवल्यावर लगेच बसायच्या ऐवजी सोसायटीत १५ मिनिटं चाला, जेवणानंतरची शुगर कमी चढते. दुपारी ऑफिसच्या खाली १० मिनिटं, आणि सीएसएमटीवरून ऑफिसला शेअर टॅक्सीने जात असाल तर ती सोडा. आठवड्याला १५० मिनिटं असेच भरतात.

शेवंती:
उपासाचं मी सांगते. सोमवार सोडू नकोस गं, पण उपास म्हणजे साबुदाणा हे डोक्यातून काढ. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात मूठभर कूट आणि पळीभर तूप, म्हणजे एका बशीत सहाशे कॅलरी सहज जातात, वर दोन तासांनी परत भूक. मी सकाळी राजगिऱ्याच्या लाह्या दह्यात घालून खाते, दुपारी वाटीभर वरईचा भात आणि काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, अधेमधे ताक, आणि चार वाजता उकडलेले शेंगदाणे किंवा छोटं रताळं. तुमच्याकडे काकडी चालते ना ते सासूबाईंना विचार, घराघरात वेगळं असतं. संध्याकाळी उपास सोडताना मात्र दिवसभराचं एकदम भरून काढायचं नाही, मुगाची खिचडी आणि कढी बास.

तिखटमीठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. खुर्चीवाला व्यायाम करून बघितला, आठव्यालाच मांड्या थरथरल्या. तेलाच्या डब्याचं सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी झाकणावर तारीख लिहून ठेवली! अंडी मी खाते, फक्त सोमवारी नाही. ट्रेनसाठी भाजलेले चणे डबीत भरून ठेवलेत. आता दोन प्रश्न. पहिला, किती वजन उतरलं म्हणजे फरक पडतो, कारण माझ्या उंचीला हवा तो ५५ किलोचा आकडा बघूनच हातपाय गळतात. दुसरा, ऑफिसातली एक मैत्रीण ते वजन उतरवायचं, आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन घेतेय, भराभर बारीक होतेय, ती मलाही सांगतेय.

सूर्यपावली:
५५ आत्ता डोक्यातून काढा. आहे त्या वजनाच्या ५ ते ७ टक्के उतरलं तरी डायबेटिस पुढे ढकलला जातो, अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात २००२ साली असं दिसलं की एवढ्या वजनाचं लक्ष्य ठेवून खाण्यात आणि व्यायामात बदल करणाऱ्यांमध्ये डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्के कमी होतं. चेन्नईच्या अभ्यासात वजन फारसं न उतरताही, नुसत्या आहार-व्यायामाने २८.५ टक्के कमी झालं. म्हणजे तुमच्यासाठी पहिला टप्पा ७० किलो, आठवड्याला अर्धा किलोच्या वेगाने. वजन रोज बघू नका, पाळीच्या आधी पाणी साठून किलोभर वाढलेलं दिसतं आणि उगीच मन खट्टू होतं. आठवड्यातून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर. महिन्यातून एकदा बेंबीच्या रेषेत टेप लावून कंबर मोजा, आपल्याकडे बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात, तुमची ९६ च्या पुढे आहे. स्नायू वाढत असतील तर काटा थांबलेला दिसतो पण टेप खाली येतो.

इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडे चर्चेत आहेत आणि काम करतात, पण ते मैत्रिणीच्या सांगण्यावरून घ्यायचं औषध नाही. तुम्हाला डॉक्टरांनी आत्ता गोळीसुद्धा दिलेली नाही. पुढे कधी लागलं तर एन्डोक्रायनोलॉजिस्टला (हार्मोन्सच्या डॉक्टरांना) विचारा, आणि तेव्हाही प्रोटीन आणि ताकदीचा व्यायाम सोडता येणार नाही, कारण भूक मेली की स्नायू लवकर झिजतात. मैत्रिणीलाही हे सांगा.

एचबीएवनसी तीन महिन्यांनी परत करा. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे महिन्याभरात केलीत तर त्यात जुनी शुगरही मिसळलेली असेल आणि पूर्ण फरक दिसणार नाही.