अनुभव धागा: उन्हाळ्यातला उल्कावर्षाव, घरच्या गच्चीवरून

उल्कावर्षाव म्हटलं की आपल्याकडे ऑगस्टचे पर्सीड आणि डिसेंबरचे जेमिनिड ही दोनच नावं निघतात. ऑगस्टात महाराष्ट्रात आभाळ भरलेलं असतं. मग ऐन उन्हाळ्यातला, मेच्या पहिल्या आठवड्यातला कुंभ राशीतला ईटा अक्वेरिड वर्षाव आपण का सोडतो? ५-६ मेच्या सुमाराला तो भरात असतो. युरोप-अमेरिकेच्या मानाने आपण दक्षिणेला, त्यामुळे आपल्याला तो तिकडच्यांपेक्षा चांगला दिसतो. शिवाय उन्हाळ्यात गच्चीवर अंथरूण टाकायची रीत अजून बऱ्याच घरांत आहे.

ही धूळ हॅलेच्या धूमकेतूची. तो १९८६ साली येऊन गेला, पुन्हा येणार २०६१ मध्ये. पण त्याने वाटेत सांडलेल्या कणांमधून पृथ्वी दर मे महिन्यात जाते आणि ते कण सेकंदाला ६६ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरून जळतात. ऑक्टोबरातल्या मृग नक्षत्राजवळच्या उल्काही त्याच धूमकेतूच्या.

माझा अनुभव पुण्याचा, सिंहगड रस्त्यावरचा. २०२४ साली अमावस्या ८ मेची होती, त्यामुळे ६ मेची पहाट काळोखी मिळाली. या उल्का कुंभेतल्या ज्या बिंदूतून निघाल्यासारख्या भासतात, तो सव्वादोनच्या सुमाराला उगवतो. तो क्षितिजालगत असताना येणाऱ्या उल्का वातावरणाला तिरप्या घासत जातात. अशी एक पूर्वेकडून निघाली, डोक्यावरून गेली आणि पश्चिमेच्या इमारतींआड होईपर्यंत जळत राहिली. अशा उल्का मोजक्याच असतात, पण त्यांच्यासाठी अडीचचा गजर लावावा. तीननंतर संख्या वाढते. पावणेपाचला उजळायला लागलं की खेळ आटोपला.

घरून पाहिलेलंच लिहा. गच्ची, अंगण, गॅलरी, शेतातली वस्ती, काहीही चालेल. वेळ, दिशा आणि आभाळ कसं होतं ते जरूर सांगा. काही दिसलं नसेल तर तेही लिहा, म्हणजे त्या शहरातल्या इतरांना अंदाज येईल.

माण तालुका, सातारा

आमच्याकडे पाऊस कमी, आभाळ मात्र भरपूर. लहानपणी उन्हाळाभर अंगणात बाजा टाकून झोपायचो. तारा तुटला की आजी "राम राम" म्हणायची. कुणीतरी गेलं, असं तिचं म्हणणं. तिचे दोन भाऊ मुंबईला गिरणीत होते, खुशालीचं पत्र यायला पंधरा-पंधरा दिवस लागायचे. त्यामुळे तारा तुटला की तिच्या मनात पहिले तेच. मग ती आम्हाला कूस बदलून झोपायला लावायची, म्हणजे पुढचा तारा कुणाला दिसायला नको.

आता त्याच अंगणात मी माझ्या मुलींना घेऊन झोपते. मागे मेमध्ये पहाटे उठवलं तर धाकटी मोजायला लागली. पणजीची गोष्ट तिला माहीत होती. म्हणाली, "आई, मग आज एवढी माणसं गेली?" मी तिला सांगितलं, वाळूच्या खड्याएवढा कण असतो, शंभरेक किलोमीटर वर जळून जातो, कुणाला काही होत नाही. तिला पटलं. पण पुढची उल्का गेली तेव्हा माझ्या तोंडून "राम राम" निघालंच, आणि तिनेही माझ्यामागे म्हटलं.

डोंबिवली

आमच्या इमारतीच्या गच्चीला कुलूप असतं. सेक्रेटरींना आधी सांगून किल्ली घेतली, चार घरांतले लोक जमलो. समोरच्या टॉवरवरचा पांढरा दिवा थेट डोळ्यांत येत होता, म्हणून पाण्याच्या टाकीच्या सावलीत चटया टाकल्या. हे शहरातल्या सगळ्यांना सांगेन: दिवा बंद करता येत नसेल तर त्याच्या आड बसा. वृश्चिकेचे ठळक तारे तेवढे दिसत होते. तासाभरात तिघांनी मिळून पाहिलेल्या दोन उल्का, त्यातली एक सगळ्यांना एकदम दिसली आणि चौथ्या मजल्यावरचे काका ओरडलेच.

एक विचारायचं होतं. कुंभेकडेच नजर लावून बसायचं का?

धागाकर्ता

डोंबिवलीकर, नाही. उल्का कुंभेतून निघाल्यासारख्या भासतात, पण दिसतात आभाळभर. त्या बिंदूजवळच्या उल्का आखूड असतात, लांबच्या जास्त पल्ल्याच्या. त्यामुळे आडवं पडून माथ्याच्या आसपास पाहावं. पहाटे चारला मे महिन्यात श्रवण डोक्याजवळ असतो, अभिजित उत्तरेला, वृश्चिक नैऋत्येला कललेली. एवढ्या भागात नजर फिरती ठेवा. दुर्बीण नको, तिच्यातून आभाळाचा तुकडाच दिसतो. आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटं मोबाइल खिशातून काढू नका. डोळ्यांना अंधार सरावायला तेवढा वेळ लागतो, आणि एकदा स्क्रीन पाहिली की पहिल्यापासून सुरुवात.

यवतमाळ

माझा अनुभव उल्कांचा नाही, तरी इथे लिहिलाच पाहिजे असं वाटतं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. गुढी उतरवून झाली होती, आम्ही सगळे गच्चीवर. पावणेआठच्या सुमाराला आभाळात जळते गोळे एकामागे एक सरकताना दिसले, शेपट्यांसकट. गल्लीतले सगळे बाहेर आले. कुणी म्हणे विमान पडलं, कुणी म्हणे उल्कावर्षाव. भीती वाटली हे खरं, माझ्या सासूबाईंनी तर देवापुढे निरांजन लावलं. नंतर चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत मोठी धातूची कडी पडल्याचं कळलं. ते चिनी रॉकेटचे अवशेष होते.

माझा भाऊ भौतिकशास्त्र शिकवतो. त्याने सांगितलेला फरक मला जन्मभर पुरेल. उपग्रह किंवा रॉकेटचा तुकडा कक्षेतून खाली येतो तो सेकंदाला सात-आठ किलोमीटरने, उल्का येते त्याच्या कित्येक पट वेगाने. म्हणून उल्का शेजारच्याला "बघ" म्हणेपर्यंत विझलेली असते. सगळ्यांना बोलावून, व्हिडिओ काढून होईपर्यंत जे आभाळात टिकतं, ते माणसाने वर पाठवलेलं.

मिनेसोटा, अमेरिका

इथे उन्हाळा म्हणजे पर्सीड. ययाती तारकासमूहाजवळून येतात, स्विफ्ट-टटल धूमकेतूची धूळ. तो १९९२ मध्ये येऊन गेला, फेरी साधारण १३३ वर्षांची. ११ ऑगस्ट २०२४, रविवार. आईबाबा भारतातून आले होते. चंद्र मावळल्यावर मागच्या अंगणात गोधड्या टाकल्या. ऑगस्ट असला तरी रात्री गारवा असतो आणि डासांपुढे कुणाचं काही चालत नाही, त्यामुळे सगळे पायमोजे, टोप्या घालून. उत्तरेकडे फिकट हिरवं काहीतरी दिसलं, मला वाटलं शहराचा उजेड. पण ते हलायला लागलं, मग वर गुलाबी झालं. त्या रात्री सौरवादळ आलं होतं. ध्रुवीय प्रकाशाच्या पडद्यावरून उल्का जात होत्या.

बाबा नोकरीभर रात्रपाळीला. ते म्हणाले, इतक्या रात्री जागून काढल्या, वर कधी पाहिलंच नाही. बाराच्या ठोक्याला झोपणारे बाबा उजाडेपर्यंत आत गेले नाहीत.

दक्षिण इंग्लंड

ढगांवर माझ्याकडे एक उपाय आहे. फ्रान्समध्ये दिजाँजवळ ग्राव्ह नावाचं रडार आहे, ते १४३.०५ मेगाहर्ट्झवर सतत प्रक्षेपण करतं. एरवी ते माझ्या घरी ऐकू येत नाही. उल्का जळते तेव्हा तिच्या वाटेवरची हवा आयनीभूत, म्हणजे विद्युतभारित होते, तिच्यावरून लहर परावर्तित होते आणि रिसीव्हरमध्ये बारीक शीळ वाजते. खिडकीबाहेर छोटी यागी अँटेना, यूएसबीला लावायचा स्वस्त रिसीव्हर आणि लॅपटॉप, एवढंच सामान. दिवसाही चालतं. जूनच्या पहिल्या आठवड्यातला एरिएटिड वर्षाव तर दिवसाचाच, त्याच्या उल्का जिथून निघाल्यासारख्या भासतात तो बिंदू सूर्याच्या जवळ असतो.

सांगलीहून माझी आई येते तेव्हा ती शेजारी बसते. डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने तिला आता तारे दिसत नाहीत. शीळ वाजली की ती बोटावर मोजते, लांब वाजली की "ही मोठी" म्हणते. गेल्या खेपेला निघताना तिने विचारलं, सांगलीत असं काही बसवता येईल का? कुणी महाराष्ट्रात घरी असं ऐकत असेल तर कुठलं स्टेशन धरता ते कृपया इथे लिहा.

लातूर

२०२३ चा ऑगस्ट. देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. सोयाबीन फुलात होतं आणि पाऊस गायब. एरवी ज्या आभाळात १२-१३ ऑगस्टला काही दिसत नाही, ते लख्ख मोकळं, अमावस्या १६ ला, त्यामुळे चांदणंही नाही. रात्री विजेची पाळी होती, विहिरीत होतं तेवढं पाणी द्यायला शेतात गेलो होतो. वस्तीवर दिवा नव्हता. पहाटे ईशान्येकडून एकामागे एक उल्का येत राहिल्या, काही इतक्या तेजस्वी की बांधावरचं गवत क्षणभर दिसलं.

इतकं सुंदर आभाळ मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि ते तसं असू नये अशीच माझी इच्छा होती. दोन्ही खरं आहे. ढग आले असते तर मी आनंदाने घरी जाऊन झोपलो असतो. त्या वर्षी उतारा कमी आला. उल्का मात्र अजून डोळ्यांपुढे आहेत.

सोलापूर

लातूरकर दादा, तुमचं वाचून बराच वेळ पुढे लिहिता आलं नाही.

मी नोंदी ठेवतो, त्याबद्दल सांगतो. ईटा अक्वेरिडचा दर तासाला पन्नास असं छापून येतं आणि लोक निराश होतात. तो आकडा बिंदू बरोबर डोक्यावर आणि आभाळ पूर्ण काळं असं धरून काढलेला असतो. आपल्याकडे उजाडेपर्यंत कुंभ पूर्वेला अर्धीच चढते आणि मेमध्ये धूळही असते. सोलापूरच्या बाहेर वस्तीवरून मला चांगल्या पहाटे तासाला पंधरा-वीस मिळतात, शहरातल्या गच्चीवरून त्याच्या चौथाईने.

तरीही आपली नोंद मोलाची असते. इंटरनॅशनल मिटिऑर ऑर्गनायझेशन जगभरच्या साध्या डोळ्यांच्या नोंदी गोळा करतं, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे भारतातल्या पहाटेची नोंद भारताच्या रेखांशावरचे लोकच देऊ शकतात. सुरुवातीची आणि शेवटची वेळ, मधली विश्रांती, ढगांनी किती भाग झाकला, सगळ्यांत मंद कोणता तारा दिसला आणि कुंभेतल्या किती, इतर किती, एवढं लिहा. अंधारात लिहिण्यापेक्षा जुन्या फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करा. दोघं शेजारी असाल तर आकडे एकत्र करू नका, प्रत्येकाची नोंद वेगळी ठेवा.

२०२६ मध्ये १२ ऑगस्टलाच अमावस्या आहे. पर्सीडसाठी याहून चांगली तारीख नाही, आभाळाची हमी कुणालाच देता येत नसली तरी. ढग फाटले तर अर्ध्या तासाची नोंदही चालेल, ती टाकून देऊ नका.