१२ जणांना कोल्हापुरी मटणाचं ताट, पांढरा रस्सा फुटतोय

शुक्रवारपेठकर: रविवारी पुण्याहून नणंद आणि तिच्या सासरचे मिळून १२ जण जेवायला येणारेत, सगळं घरीच करणारे, सुक्कं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी, भात. मटण किती आणू? आणि माझा पांढरा दरवेळी फुटतो ओ, काय चुकतंय?

रंकाळ्याची वैनी: ३ किलो आणा, नळ्या जास्त मागून घ्या, अळणीला, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्याला, चव त्यातनंच येते. हळद चिमूटभरच, नाहीतर पांढरा पिवळा दिसतो. खसखस-काजू-तीळ एकदम बारीक वाटून आधी अळणीत शिजवा, मग गॅस बारीक करून नारळाचं दूध घाला आणि हलवत राहा, कडेला बुडबुडे दिसले की लगेच बंद. उकळी आली की फुटलाच.

राजारामपुरीकर: वैनींचं बरोबर. तांबड्याला कांदा-लसूण चटणी मंद गॅसवर परता, करपली की कडू लागते. पाहुणे पुण्याचे म्हणून तिखट मात्र कमी करू नका हां, सोबत पांढरा आहे की!

शुक्रवारपेठकर: मी दूध घालून चांगली खळखळ उकळत होते! भाकऱ्या सकाळीच थापून ठेवू का?

रंकाळ्याची वैनी: नको, पंगत बसली की गरम गरम थापा, नणंदेला घ्या मदतीला.