पेसमेकर आहे, कमरेचा एमआरआय की सीटी?

माळरान:
वडील वय ७१. दोन महिने उजव्या पायात कळ, अंगठा बधिर. कमरेचा एमआरआय लिहून दिलाय. पेसमेकर २०१९ चा. स्कॅन सेंटरने फोनवरच ‘मग सीटी करा’ म्हणून सांगितलं. सीटीने भागेल का?

फिल्मवाला:
आधी पेसमेकरचं कार्ड शोधा. त्यावर यंत्राचा आणि लीड्सचा (यंत्रातून हृदयात जाणाऱ्या तारा) मॉडेल नंबर असतो. यंत्र आणि लीड्स दोन्ही ‘एमआर कंडिशनल’ हव्यात, म्हणजे ठरलेल्या अटी पाळून एमआरआय करता येईल अशा. फसगत इथेच होते: यंत्र नवं, पण लीड जुनीच ठेवलेली. आत सोडून दिलेली तुटकी लीड असेल तरीही अडचण. ती छातीच्या साध्या एक्स-रेत दिसते.

सगळं जुळलं, तर स्कॅनच्या दिवशी हृदयरोग विभागाचा माणूस प्रोग्रॅमर (पेसमेकरचं सेटिंग बदलायचं उपकरण) घेऊन येतो, यंत्र एमआरआय मोडवर टाकतो आणि नंतर परत मूळ सेटिंगवर आणतो. हे दुसरं काम झाल्याशिवाय तिथून हलू नका. आत असताना ईसीजी आणि ऑक्सिजनवर सतत लक्ष हवं. ही सोय नसलेलं सेंटर नकारच देणार, आणि ते बरोबरच आहे. कार्डिअ‍ॅक विभाग असलेलं मोठं रुग्णालय गाठा. १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन मागा, ३ टेस्ला चालेलच असं नाही.

निवडुंग:
सीटीत हाड छान दिसतं: फ्रॅक्चर, वाढलेलं हाड, नसा जातात ती मणक्यातली अरुंद झालेली नळी. गादी सरकलेलीही बऱ्याचदा कळते. पण नस नेमकी किती दबली, मणक्यात सूज किंवा जंतुसंसर्ग आहे का, हे एमआरआयच नीट दाखवतो. सीटीला काही सेकंद लागतात, एमआरआयला २०-३० मिनिटं निश्चल पडावं लागतं. सीटीत किरणोत्सर्ग आहे, पण ७१ व्या वर्षी त्यापायी सीटी टाळण्यात अर्थ नाही.

एमआरआय जमलाच नाही, तर सीटी मायलोग्राम विचारा. कमरेतून सुईने कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) सोडून सीटी काढतात, त्यात नसांभोवतीची जागा स्पष्ट होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा.

माळरान:
कार्ड मिळालं, दोन्ही मॉडेल नंबर आहेत. एमआरआयला कॉन्ट्रास्ट लागेल का?

निवडुंग:
साध्या गादीच्या त्रासाला नाही. आधी कमरेचं ऑपरेशन झालं असेल, गाठीची किंवा संसर्गाची शंका असेल तरच. तेव्हा क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) रिपोर्ट सोबत न्या.

एक पाहा: टाचेवर चालता येतंय का? पंजा लोंबत असेल, लघवी अडत असेल किंवा बसण्याची जागा बधिर झाली असेल तर कार्ड-सेंटर करत बसू नका, त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या. आणि रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’ (गादी फुगलेली) वाचून घाबरू नका, या वयात तो दुखणं नसलेल्यांतही सर्रास सापडतो. बल्ज उजवीकडच्या एल-५ नसेवर (कमरेतून अंगठ्याकडे जाणारी नस) आहे का, तेवढं डॉक्टरांना विचारा.

फिल्मवाला:
अंगावर औषधी पट्टी असेल तर आत जाण्याआधी काढा. काहींच्या पाठीला धातूचा पातळ थर असतो, चटका बसतो. फिल्मसोबत सीडीही मागून घ्या.