जुन्या लॅपटॉपसाठी मुक्तस्रोत प्रणाली: अंध वापरकर्त्याने कोणती निवडावी?

प्रश्न (परभणी जिल्हा, शिक्षक)

नमस्कार. मी पूर्णतः अंध असून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. माझा लॅपटॉप सहाव्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा आणि ४ जीबी रॅमचा आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, विंडोज ११ साठी हा प्रोसेसर मान्य नाही आणि नवा लॅपटॉप घेणे सध्या परवडणारे नाही. मराठीत प्रश्नपत्रिका तयार करणे, ईमेल पाहणे आणि परिपत्रके वाचणे एवढीच माझी कामे आहेत. अडचण अशी, की लॅपटॉप दुरुस्तीला दिला की परत येताना त्यातील एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, बहुधा काढून टाकलेले असते आणि ते पुन्हा बसवेपर्यंत माझे सगळे काम खोळंबते. घरी संगणकातले जाणणारे डोळस माणूस नाही. अशा स्थितीत विंडोजऐवजी लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीचा कोणता प्रकार घ्यावा?

उत्तर १ (अंबाजोगाई)

सर, आपल्या प्रश्नातच निवडीचा खरा निकष आलेला आहे. प्रणाली किती देखणी आहे किंवा किती जण ती वापरतात, यापेक्षा ती बिघडल्यावर कोणालाही न बोलावता आपल्याला ती पुन्हा बसवता येते का, हे आधी पाहावे. या कसोटीवर मी डेबियन हा लिनक्सचा प्रकार सुचवीन आणि त्यावर मेट डेस्कटॉप (खिडक्या आणि मेनू दाखवणारा भाग) घ्यावा, कारण तो जुन्या यंत्रावर हलका चालतो आणि ऑर्का या स्क्रीन रीडरशी त्याचे चांगले जमते.

पेनड्राइव्हवरून डेबियन सुरू केले, की पहिला मेनू आल्याची खूण म्हणून बीप वाजते. तेव्हा एस दाबून एंटर करावे, म्हणजे पुढची सगळी स्थापना बोलून होते. यंत्रात एकापेक्षा जास्त ध्वनिकार्डे असली, तर एकेका कार्डावरून आवाज दिला जातो आणि जो ऐकू येईल त्या वेळी आपण एंटर दाबायचे असते. त्यानंतर प्रत्येक प्रश्नाचे पर्याय क्रमांकासह वाचले जातात, आपण क्रमांक टाइप करायचा. डेस्कटॉपच्या यादीत मेटचा क्रमांक द्यावा. वायफायच्या चिपसाठी लागणारे फर्मवेअर (चिप चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) २०२३ च्या आवृत्ती १२ पासून स्थापनेच्या फाइलमध्येच असते, त्यामुळे पूर्वी अनेकांना अडवणारी ती खटपट आता बहुतेक यंत्रांवर उरलेली नाही.

पुढे कधी ऑर्का गप्प झाले, तर ऑल्ट आणि एफ-टू दाबून ऑर्का असे इंग्रजी अक्षरांत टाइप करावे आणि एंटर करावे. डेस्कटॉपच कोलमडला, तर कंट्रोल-ऑल्ट-एफ-थ्रीने मजकुराच्या कन्सोलवर, म्हणजे फक्त आज्ञा टाइप करण्याच्या पडद्यावर, जाता येते. तिथे स्पीकअप हा वेगळा स्क्रीन रीडर बोलतो.

उत्तर २ (लातूर)

वरील सल्ला आपल्या कामासाठी योग्यच आहे, पण हा धागा विद्यार्थीही वाचतील, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. एनव्हीडीए हेही मुक्तस्रोतच आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये ते काम सुरू केले. कार्यालयांत आणि बँकांत बहुतेक ठिकाणी विंडोजच असते, तेव्हा नोकरीची तयारी करणाऱ्यांनी एनव्हीडीएचा सराव सोडू नये. लिनक्स आपल्या यंत्रावर जरूर घ्यावे, मात्र हाताला दोन्हींची सवय असावी असे माझे ठाम मत आहे.

उत्तर ३ (छत्रपती संभाजीनगर)

मराठीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. ऑर्काला ईस्पीक-एनजी या मजकूर बोलणाऱ्या सॉफ्टवेअरचा मराठी आवाज मिळतो. तो यांत्रिक आहे आणि काही जोडाक्षरे ठेचकाळत वाचतो, पण वेग वाढवूनही कळतो. टायपिंगसाठी आयबस हे भाषा निवडण्याचे सॉफ्टवेअर आणि त्याचे एम-१७-एन पॅकेज घेतले, की मराठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी मिळते. विंडोजवर आपण इनस्क्रिप्ट वापरत असाल, तर बोटांना नवे काहीच शिकावे लागणार नाही.

खरी डोकेदुखी आपली परिपत्रके आहेत. युनिकोड (अक्षरे साठवण्याची सर्वमान्य पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमधील पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण आतली अक्षरे भलतीच असल्याने कोणताही स्क्रीन रीडर ती अर्थहीन रोमन अक्षरांसारखी वाचतो. हा दोष प्रणाली बदलून जात नाही. अशा फाइलवर ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रावरून अक्षरे ओळखणे, हा उपाय आहे आणि त्यासाठी टेसरॅक्टचा मराठी संच आणि ओसीआर-माय-पीडीएफ ही दोन पॅकेजे उपयोगी पडतात. ओसीआर-माय-पीडीएफला फोर्स-ओसीआर हा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर पानावर आधीच मजकूर आहे असे सांगून ते थांबते. छापील पान स्वच्छ असेल तर निकाल समाधानकारक येतो, तक्ते मात्र विस्कटतात. आपल्यासारख्या शिक्षकांनी तालुक्याला दरवेळी युनिकोडमधील फाइल लेखी मागावी, कारण मागणीच नसेल तर जुने फॉन्ट असेच फिरत राहतील.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. डेबियनच घेतो. लॅपटॉपमध्ये शाळेची बरीच कागदपत्रे आहेत. स्थापनेत ती जातील का?

उत्तर १ (अंबाजोगाई)

डिस्कच्या विभागणीच्या टप्प्यावर संपूर्ण डिस्क वापरण्याचा पर्याय निवडला, तर सगळे पुसले जाते. म्हणून आधी कागदपत्रे दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्यावीत, त्यांतील दोन-तीन फाइली उघडून ऐकाव्यात, आणि मगच स्थापना सुरू करावी. विभागणीच्या टप्प्याच्या शेवटी बदल डिस्कवर लिहायचे का, असे विचारले जाते. तिथे होकार देईपर्यंत काहीही पुसलेले नसते, त्यामुळे शंका आली तर त्या प्रश्नाला नकार देऊन मागे फिरता येते.