वेळेआधी आलेली जुळी आणि एनआयसीयूतले दिवस : तुमचे अनुभव लिहा

मैत्रिणीला ३० व्या आठवड्यात जुळी झालीत, दोघंही एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) आहेत. भेटायला येणारा प्रत्येकजण 'होईल सगळं नीट' म्हणतो आणि ती आणखीनच चिडते, मलाही काय बोलावं सुचत नाही. ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी प्लीज लिहा, गोड करून नको, उपदेशही नको. तिला वाचायला देणार आहे.

*

आमची ३१ आठवड्यांची, मुलगा १४०० ग्रॅम, मुलगी ११५०. सिझेरियननंतर मला उठताच येत नव्हतं त्यामुळे पोरं आधी नवऱ्याच्या मोबाईलवरच पाहिली. पहिले काही दिवस वजन उतरतंच हे कुणी आधी सांगितलं असतं तर एवढे हादरलो नसतो. पण खरा त्रास वेगळाच, जुळ्यांच्या बाबतीत बातमी कधी पूर्ण चांगली येतच नाही. मुलाचं नळीतून दूध २ मिलीवरून वाढवत नेत होते आणि त्याच दिवशी मुलीचं पोट फुगलं म्हणून तिचं बंद, नुसतं सलाईन. मी दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा उठून, पंपिंग करतेय आणि तिच्या नावाचं दूध फ्रीजरमध्ये साठतंय. हसायचं का रडायचं कळायचं नाही, मग दोन्ही करायचे. पंपिंगचा भयंकर कंटाळा यायचा, पण त्या सगळ्यात फक्त मलाच जमणारं असं ते एकच काम होतं, म्हणून सोडलं नाही.

*

बाबा लोकांच्या बाजूने लिहितो. मी दिवसभर मॉनिटरकडेच बघत बसायचो. ऑक्सिजनचा आकडा जरा खाली आला, अलार्म वाजला की माझ्या पोटात गोळा, आणि सिस्टर शांतपणे येऊन बाळाच्या तळव्याला टिचकी मारणार, बाळ श्वास घेणार, ह्या चालल्या पुढच्याकडे. कितीतरी अलार्म तर पायाचा सेन्सर सैल झाला म्हणून वाजायचे. एका सिस्टरनी शेवटी सांगितलं, आकडा नंतर, आधी बाळाचा रंग बघा, छाती हलतेय का बघा. ह्या बाळांचा श्वास मध्येच थांबतो, २० सेकंदांच्या वर थांबला की अ‍ॅप्निया म्हणतात आणि त्यावर कॅफीन देतात, हो तेच, कॉफीतलं. डिस्चार्जची तारीख मनात ठरवू नका एवढंच सांगेन. अ‍ॅप्निया झाला की त्याच्याशिवाय गेलेल्या दिवसांची मोजणी परत पहिल्यापासून, आणि आमचे दोघं ती आळीपाळीने मोडायचे.

*

सांगतेय मी आजी, टाईप करतेय सून. हिला ताप होता तेव्हा कांगारू केअरला मला आणि माझ्या मुलाला बसवलं. उघड्या छातीवर बाळ, वरून कापड, तासन् तास. मला वाटलं एवढासा जीव माझ्या अंगावर गुदमरेल, उबेच्या काचपेटीतून बाहेर काढतातच कशाला! पण थंड पाय हळूहळू गरम झाले आणि मी गप्प बसले. डॉक्टर म्हणाले ही पद्धत १९७८ साली कोलंबियात, बोगोटाला सुरू झाली, तिथे पेट्या कमी आणि बाळं जास्त. दोन्ही बाळं स्थिर असतील तर दोघांना एकदम घेता येतं, फक्त वायरींचा गुंता सोडवायला जास्तीचं माणूस लागतं.

*

लिहू की नको चाललं होतं. माझी दोन होती, एक राहिला. २६ वा आठवडा, मुलीच्या मेंदूत रक्तस्राव झाला. लोक म्हणाले 'एक तरी आहे ना पदरात'. असं कुणाला म्हणू नका. दुसऱ्या दिवशी तिच्या वॉर्मरवर वेगळं बाळ होतं आणि मला शेजारीच मुलापाशी बसायचं होतं. एका सिस्टरनी काही न बोलता माझी खुर्ची फिरवून दिली. मैत्रिणीला आत्ता हे वाचायला देऊ नका, पण कुणाला लागेल म्हणून लिहिलं.

*

आमची एक आधी घरी आली, दुसऱ्याला चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ जमेना. साधारण ३४ आठवड्यांपासून जमायला लागतो म्हणतात, पण काही पोरं सावकाश असतात. एक घरी एक तिथे हे दिवस मला सगळ्यात जड गेले, कुठेही असले तरी चुकीच्या जागी आहे असंच वाटायचं. मदत विचारणाऱ्यांना सरळ वेळ वाटून द्या, अमुक ते अमुक घरी बाळापाशी बस, एवढंच.

आणि घरी आल्यावर संपत नाही. डोळ्यांची आरओपीची (वेळेआधी आलेल्या बाळांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार) तपासणी अजिबात चुकवू नका, वेळेत उपचार झाले तर नजर वाचते. कानांचीही टेस्ट असते. लस जन्मतारखेप्रमाणे, पण वाढ बघायची करेक्टेड वयाने, म्हणजे दोन महिने आधी आलेलं बाळ ८ महिन्यांचं झालं तर ६ चं धरायचं, २ वर्षांपर्यंत. बाहेरच्या मुलांशी तुलना सोडली हो, पण घरातच दुसरं जुळं आहे त्याचं काय करणार! मुलगी चालायला लागली, मुलगा अजून बुडावर सरकतोय, फिजिओ चालू आहे. आणि फीडिंगचा तक्ता दोघांचा दोन रंगांत करा, रात्री तीनला कुणाला पाजलं ते आठवत नाही.