सोप्या पळण्याचा पेस श्वासाने ठरवायचा की घड्याळाने?

सेमिनरीचा_चढ
रविवारी पहाटे फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सकडे चढत होतो. पुढे एक मुलगा दर अर्ध्या मिनिटाला मनगट बघायचा. जरा मंदावला की धाव ठोकायचा, जरा वेग वाढला की करकचून ब्रेक. विचारलं तर म्हणाला, "अ‍ॅपने आजचा सोपा पेस किलोमीटरला ६:३० मिनिटं दिलाय." अरे, पण समोर चढ आहे ना!

माझं मत सरळ आहे. सरावाचा पेस श्वासावर ठरवा. सोबत्याला काल खाल्लेल्या तर्री-पोह्याचं वर्णन पूर्ण वाक्यांत करता येतंय, तोवर पळणं सोपं. तीन शब्दांवर दम लागला की ते सोपं नाही, मग घड्याळ काहीही दाखवो.

त्यात आपलं नागपूर. जानेवारीत १२ अंशांत जो ६:३० सहज निघतो, तोच मे महिन्यात पहाटे पाचला, पारा तिशीच्या आसपास असताना, जीव काढतो. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने पाणी जातं, दर ठोक्याला हृदयातून कमी रक्त बाहेर पडतं, म्हणून ठोके वाढत जातात. वेग तोच, मेहनत दुप्पट वाटते. अ‍ॅपवाल्याला हे कोण सांगणार? दाट झाडांखाली जीपीएस भरकटतो, तो ताप वेगळाच.

शर्यतीतही मी श्वासावरच जातो.

स्प्लिटवाला
शेवटचं वाक्य सोडून बाकी बरंचसं मान्य. पण तेच वाक्य घातक आहे.

आधीचा आठवडाभर पाय आराम करतात, पहाटेचा गारवा, ढोल-ताशे, आजूबाजूला गर्दी. अशा वेळी पहिले चार किलोमीटर श्वास बिनधास्त खोटं बोलतो. माझंच सांगतो. अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१.१ किमी, दोन तासांत काढायची तर किलोमीटरला साधारण ५:४१. मी पहिले पाच ५:२० ने काढले, गप्पा मारत. पंधराव्यानंतर पोटऱ्या धरल्या आणि २:१४ ला कसाबसा पोचलो. तेव्हा घड्याळाचं ऐकलं असतं तर चौदा मिनिटं वाचली असती की नाही माहीत नाही, पण शेवटचे सहा किलोमीटर अब्रू नक्की वाचली असती.

शर्यतीचा पेस ताज्या निकालावरून काढावा. रीगलचं सूत्र त्यासाठीच आहे: अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात, गुणिले जुनी वेळ. १० किमी ५५ मिनिटांत असेल तर अर्धमॅरेथॉन साधारण २:०१. २०२३ साली शिकागोत केनियाच्या केल्विन किप्टुमने पूर्ण मॅरेथॉन २:००:३५ मध्ये काढली, तेव्हा पहिलं अर्धं ६०:४८ आणि दुसरं ५९:४७ होतं. सुरुवातीला हात आखडता ठेवायला त्याच्यासारखे पाय लागत नाहीत.

सेमिनरीचा_चढ
किप्टुम मध्ये आणलास म्हणजे मी हरलोच. बरं, पहिल्या पाच किलोमीटरपुरतं घड्याळ मान्य. तेही लगाम म्हणून, चाबूक म्हणून नाही.

पण रीगलचं सूत्र 'तेवढ्या अंतराचा सराव झालाय' हे गृहीत धरतं. आठवड्याला १५ किलोमीटर पळणाऱ्याने २:०१ चा आकडा मनगटावर लिहून नेला, तर त्याचं तुझ्यासारखंच होणार. तुझा तेव्हा सर्वांत लांब सराव किती होता?

स्प्लिटवाला
१२. पुढे बोला.

वऱ्हाडी_गडी
तुमचं दोघांचं ठीक हाय भाऊ, तुमच्यापाशी टाइम हाय. मी शिफ्टवाला माणूस, हप्त्यात तीनच दिस भेटते मले. "ऐंशी टक्के हयू पया" म्हणते सारे. आता तीन दिसाचे ऐंशी टक्के म्हणजे काय करू राजेहो? हप्त्याले एकशेवीस किलोमीटर पयनाऱ्याचा नियम मी कायले पाळू? वर्षभर हयूच पयलो अन् १० किमी तिथच्या तिथंच, ६२ मिनिटं. घड्याळ नाई, श्वास नाई, कधीमधी जोर लावाच लागते, हे माह्यं म्हणनं.

स्प्लिटवाला
भाऊचा मुद्दा रास्त आहे. तीनपैकी एक दिवस जोराचा ठेवा: एक-एक किलोमीटर चारदा, मध्ये तीन मिनिटं रमतगमत. वेग तुमच्या १० किमीच्या पेसचा, म्हणजे ६:१२ च्या आसपास. पहिल्याच फेरीत जीव ओवाळून टाकू नका. चौथी फेरी पहिलीइतक्याच वेळात आली पाहिजे. बाकी दोन दिवस गप्पांचे, त्यातला एक लांब.

सेमिनरीचा_चढ
आणि एप्रिलनंतर ६:१२ चा हट्ट सोडा. तेव्हा फक्त "चौथी पहिलीइतकी" एवढंच पाळा.

संत्राबर्फी
मी ४८ वर्षांची, गेल्या दिवाळीनंतर सुरुवात केली. तुमची गप्पांची कसोटी ऐकून हसू आलं. ८:३० ने पळाले तरी माझ्या तोंडून "हो" पलीकडे शब्द निघत नाही, आणि त्याहून हळू तर मी चालतेच! घड्याळाने २२० वजा वय करून कमाल ठोके १७२ धरले होते. हनुमाननगरच्या आमच्या ग्रुपसोबत चढावर ठोके मोजणारा छातीचा पट्टा लावला, तर १८४ दिसले आणि मला काहीही झालं नाही. म्हणजे घड्याळ चूक, श्वासाची कसोटीही माझ्या कामाची नाही. मग मी कशावर जायचं?

सेमिनरीचा_चढ
ताई, ते सूत्र सरासरीचं आहे, एकेका माणसाचे ठोके त्याहून दहा-बारा सहज इकडेतिकडे असतात. कसोटी मात्र तुमच्याही कामाची आहे, फक्त चालणं धरून. दोन मिनिटं पळा, एक मिनिट चाला. चालताना बोलणं परत येतं का ते बघा. येत नसेल तर पळणं दीड मिनिटावर आणा.

संत्राबर्फी
आज अंबाझरीला करून पाहिलं. सातव्या फेरीपर्यंत सुनेच्या तक्रारी सांगता आल्या. आठवीला नाही.