आधी शाळेचा दाखला काढा
ताई, मुलगा १७ वर्षांचा आणि मारामारीच्या गुन्ह्यात नाव आलंय, असं तुम्ही लिहिलंत. आधी शाळेतून जन्मतारखेचा दाखला काढा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात वय ठरवताना तो पहिल्यांदा बघतात. १८ च्या आतल्या लेकराला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं.

वकिलासाठी घरातला कापूस पडेल त्या भावानं विकू नका, सावकाराकडे तर जाऊच नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

आमच्या जालन्याकडं पुतण्यावर अशीच वेळ आली होती. दादा त्याच्याशी बोलेनात. निरीक्षण गृहात, म्हणजे चौकशी चालू असताना अशा मुलांना ठेवतात तिथं, भेटायला गेलो तर पोरगं मान खाली घालून शर्टाचं बटण पिळत बसलेलं. वहिनीनं एवढंच विचारलं, "जेवलास का रे?" तसं ते हुंदके देऊन रडायला लागलं.

"काय केलंस?" ते वकिलासमोरच विचारा. पारावर, व्हॉट्सअ‍ॅपवर एक शब्दही नको. फिर्यादीच्या घरी समजूत काढायलाही जाऊ नका, अंगाशी येतं. तारखेला मात्र तुम्ही आई-बाप दोघंही जा.